पुतिन मराठीत काय बोलतात

व्लादिमीर पुतिन मराठीत फार छान बोलतात. छोटी वाक्यं, ठसठशीत क्रियापदं, शेवटी एक टोला. रशियनमध्ये ते क्वचितच असं बोलतात.

गेली चार वर्षं मी त्यांची ही मराठी वाक्यं जमवतो आहे. कर्जतहून ठाणे आणि तिथून ऐरोली, असा रोजचा पावणेदोन तासांचा प्रवास. त्यात शाळेच्या बॅचचा, सोसायटीचा, खोपोलीच्या मामांकडचा आणि आमच्या डब्याचा, असे चार ग्रुप. फॉरवर्ड दिसला की स्क्रीनशॉट काढायचा आणि फोल्डरमध्ये टाकायचा. बहुतेकांवर फोटो ठरलेला: उघड्या अंगाने घोड्यावर बसलेले पुतिन, नाहीतर काळा चष्मा लावलेले. आता एवढे साठलेत की त्यांच्याकडे साहित्यप्रकार म्हणून बघता येतं. ओवी, भारूड, लावणी, तसं हे 'पुतिनवचन'. आमच्या तालुक्यात ते कुठल्याही कवितासंग्रहापेक्षा जास्त वाचलं जातं. मग त्याची समीक्षा का नको?

सगळ्यात लोकप्रिय वचन तुम्हीही वाचलेलं असणार. दहशतवाद्यांना माफ करायचं की नाही ते देव बघेल, त्यांना देवाकडे पाठवायचं काम माझं, असा त्याचा आशय. पुतिन हे बोललेले नाहीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ला झाला, त्यानंतर 'आरटी' या रशियन सरकारी वाहिनीच्या एका निवेदिकेने ते त्यांच्या नावावर ट्विटरवर टाकलं. ते जगभर गेल्यावर तिने चुकीच्या माहितीबद्दल माफी मागितली. त्याआधी जवळपास हेच वाक्य अमेरिकन जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ यांच्या नावावर फिरत होतं. आणि २००४ च्या 'मॅन ऑन फायर' या सिनेमात डेन्झेल वॉशिंग्टनच्या तोंडी याच वळणाचा संवाद आहे. म्हणजे हॉलिवूडमधल्या सूड घेणाऱ्या हिरोला शोभणारं वाक्य आधी अमेरिकेच्या सेनापतीला आणि मग रशियाच्या अध्यक्षाला चिकटलं, आणि तिथून आमच्या डब्यात आलं. माझ्याकडच्या एका आवृत्तीत देवाच्या जागी यमराज आहेत. मूळ इंग्रजीपेक्षा ती जास्त चांगली वठली आहे, हे कबूल करायला हवं.

दुसरं वचन लांबलचक आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पुतिन रशियन संसदेत उभे राहतात आणि अल्पसंख्याकांना सुनावतात: रशियात राहायचं तर रशियनांसारखं राहा, इथले कायदे पाळा, नको असेल तर तुमचा कायदा चालतो त्या देशात जा. शेवटी संसद उभी राहून पाच मिनिटं टाळ्या वाजवते. बहुतेक आवृत्त्यांत ४ फेब्रुवारी २०१३ ही तारीखही असते. असं भाषण झालेलंच नाही. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या नावावर आधीपासून फिरणाऱ्या अशाच एका मजकुरात देश बदलून हे तयार झालं.

पण खोटं आहे एवढं म्हणून फॅक्टचेकवाला थांबतो. समीक्षकाला थांबता येत नाही. मजकूर खोटा असला तरी तो कुणीतरी रचलाय, आणि हजारो लोकांनी त्यात हात फिरवलाय. त्या शेवटच्या टाळ्या बघा. मजकुराच्या दृष्टीने त्यांची काहीच गरज नाही, तरी त्या एकाही आवृत्तीतून गळत नाहीत. कारण या लेखकाला कल्पनेतली संसदच मुळात अशी हवी आहे: एक माणूस बोलतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. कुणी हात वर करून 'अध्यक्ष महोदय, एक मिनिट' म्हणत नाही. आपल्या विधानसभेचं कामकाज थेट पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परग्रहावरचं वाटेल, आणि तेच तर त्याचं आकर्षण आहे. 'ठोकशाही' हा शब्द आपल्या राजकारणात कौतुकाने वापरला गेलेला आहे, हे इथे विसरून चालणार नाही. पुतिन आपल्याकडे रिकाम्या जागेत आलेले नाहीत. खुर्ची मांडलेली होती.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर हे भाषण आलं तेव्हा कुणीतरी 'रशिया' खोडून 'महाराष्ट्र' केलं होतं. ग्रुपमध्ये नेरळचे दोघे मुसलमान आहेत. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. एकाने ग्रुप सोडला. दुसरा आहे, पण त्यानंतर तो तिथे एक अक्षर बोललेला नाही. वाढदिवसाला अंगठा दाखवतो फक्त.

आता खरे पुतिन. २३ सप्टेंबर २०१५ रोजी मॉस्कोत नव्याने बांधलेल्या भल्यामोठ्या मुख्य मशिदीचं उद्घाटन झालं. शेजारी तुर्कस्तानचे एर्दोगान आणि पॅलेस्टाईनचे महमूद अब्बास उभे होते. उद्घाटन करणारे होते पुतिन. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरचा हल्ला सुरू होऊन आठवडा झाल्यावर, दागेस्तानच्या एका मृत सैनिकाला गौरवताना ते टीव्हीवर म्हणाले की मी रशियन आहे, पण अशा शौर्याकडे बघताना मला म्हणावंसं वाटतं की मी लाक आहे, दागेस्तानी आहे, चेचेन आहे, तातार आहे, ज्यू आहे. जमातींची यादी बरीच लांब होती. यावरून ते उदारमतवादी ठरतात असं नाही. साम्राज्य चालवणाऱ्याला सगळ्या जमातींतले सैनिक लागतात, एवढाच त्याचा अर्थ. पण हे पुतिन मराठीत आले तर ग्रुपवर त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून ते येत नाहीत.

ते खरंच कसे बोलतात? दीर्घ बोलतात. दरवर्षी टीव्हीवर जनतेच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा त्यांचा कार्यक्रम असतो. २०१३ मध्ये तो ४ तास ४७ मिनिटं चालला होता. गॅसचे दर, रस्त्यांची कामं, पेन्शन, आकडेच आकडे. जुलै २०२१ मध्ये त्यांनी रशियन आणि युक्रेनी हे मुळात एकच लोक आहेत असं सांगणारा हजारो शब्दांचा लेख प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेचे टकर कार्लसन मुलाखत घ्यायला गेले, तर युद्ध का सुरू केलं या पहिल्याच प्रश्नावर त्यांनी सन ८६२ पासून सुरुवात केली आणि अर्धा तास इतिहास सांगितला. कार्लसनच्या चेहऱ्यावरचे भाव बघण्यासारखे आहेत. लग्नाच्या पंगतीत घराण्याची वंशावळ सांगायला बसलेल्या काकांच्या तावडीत सापडलेला नवरदेवाचा मित्र, अगदी तसा. त्या अर्ध्या तासातलं एक वाक्यही मला मराठी फॉरवर्डमध्ये सापडलेलं नाही.

एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. २४ सप्टेंबर १९९९. पुतिन तेव्हा नवे पंतप्रधान, रशियाबाहेर तर सोडाच, रशियातही फारसं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मॉस्को आणि इतर शहरांत इमारतींमध्ये स्फोट होऊन शेकडो लोक मेले होते, चेचन्यावर बॉम्बफेक सुरू झाली होती. अस्तानात पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले, अतिरेकी संडासात सापडले तर तिथेच त्यांचा निकाल लावू. 'निकाल लावू' हे माझं भाषांतर जरा सभ्य झालं. त्यांनी वापरलेलं क्रियापद रशियन गुन्हेगारांच्या बोलीतलं आहे, शब्दशः 'ओलं करणे'. आपल्याकडे मुंबईच्या टोळ्यांत 'गेम करणे' म्हणत, तसं. लेनिनग्राडच्या चाळवजा अंगणात वाढलेल्या केजीबीच्या माणसाने पंतप्रधान म्हणून 'गेम' हा शब्द वापरला आणि देश खूश झाला. तीन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, ते हंगामी अध्यक्ष झाले.

तेव्हा मराठी पुतिन अगदीच हवेतून आले, असं नाही. पण त्या एका वाक्याच्या जोरावर पुढच्या पंचवीस वर्षांचं बोलणं आपण आपल्या मनाने लिहून काढलं. प्रतिमेचंही तेच. घोडा, ज्युदो, वाघ. ऑगस्ट २०११ मध्ये समुद्रात बुडी मारून त्यांनी दोन प्राचीन ग्रीक रांजण वर काढले. काही आठवड्यांनी त्यांच्याच प्रवक्त्याने ते आधी तिथे ठेवलेले होते हे मान्य केलं. रांजणांचा फोटो माझ्या फोल्डरमध्ये आहे, प्रवक्ता नाही.

मराठीला रशियातला बलवान माणूस नवा नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि गिरणगावात तो गाजला. त्या हिवाळ्याचा आमच्याकडचा पदर फारसा सांगितला जात नाही. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिशांच्या गोळ्यांनी पडले. कोतवाल माथेरानचे, न्हावी समाजातले, शिकून वकील झालेले; त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते. बरोबर एक महिन्याने, २ फेब्रुवारीला, स्टालिनग्राडमध्ये जर्मन फौजेने शस्त्रं खाली ठेवली. कम्युनिस्ट पक्ष तेव्हा रशियाच्या बाजूने युद्धाला पाठिंबा देत होता आणि 'चले जाव'पासून दूर होता. एकाच महिन्यात, एकाच भाषेत, दोन शौर्यकथा आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. आमच्या शाळेत पहिली शिकवली, दुसरी नाही. दोन्ही एकत्र शिकवायची हिंमत केली असती तर आम्हाला राजकारण जरा लवकर कळलं असतं.

पण पवाडा आणि फॉरवर्ड यांत एक फरक आहे. पवाड्याच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव सांगतो. हे मी रचलंय, काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. अण्णा भाऊंना ते म्हटलंही गेलं. सरकारने त्यांच्या कलापथकावर बंदी घातली. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले, 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं, तेही स्वतःच्या डोळ्यांच्या हवाल्याने. (त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचं नाव बदलून व्होल्गोग्राड झालं.) पुतिनवचनाच्या खाली नाव नसतं. कधी 'साभार' असतं, कुणाचे ते नसतं.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं, देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते. आमच्या सगळ्या ग्रुपवर फोटो आले, मलाही आनंद झाला. सात दिवसांनी पुतिन यांनी सैन्यभरती जाहीर केली. तोवर रशियात, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवण्यासाठी पंधरा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा येऊन सहा महिने झाले होते, आणि युद्धाला युद्ध म्हटल्याबद्दल लोकांवर कारवाया होत होत्या. अधिकृत शब्द 'विशेष लष्करी मोहीम'. कोरा कागद हातात धरून उभे राहिलेल्यांनाही पोलिसांनी उचललं. तिथे एक शाहीर पुतळा होऊन उभा आहे.

खऱ्या पुतिनचं वैशिष्ट्य सांगणारं वाक्य मात्र संडासाचं नाही, असं माझं मत आहे. ते दुसरंच आहे, आणि दोन शब्दांचं आहे.

१२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात 'कुर्स्क' ही अणुपाणबुडी स्फोट होऊन बुडाली. ११८ जण होते. पुतिन सोचीत सुट्टीवर होते आणि काही दिवस तिथेच राहिले. ब्रिटन आणि नॉर्वेची मदत चार दिवसांनी स्वीकारली. नौदलाच्या वस्तीत उपपंतप्रधानांसमोर एक आई ओरडून जाब विचारत होती. कॅमेरे चालू असताना मागून येऊन तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं गेलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लॅरी किंग यांनी पुतिन यांना विचारलं, त्या पाणबुडीचं काय झालं? पुतिन किंचित हसले आणि म्हणाले, 'ती बुडाली.'

रशियनमध्येही पाणबुडी स्त्रीलिंगीच, त्यामुळे भाषांतर अगदी चपखल बसतं. आणि मराठी माणसाला या वाक्याची गोम दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळायला हवी, कारण आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्याच आहेत. फोडणं–फुटणं, पाडणं–पडणं, मारणं–मरणं, बुडवणं–बुडणं. 'ग्लास फुटला' आणि 'ग्लास फोडला' यांतला फरक तीन वर्षांच्या पोराला समजतो. म्हणूनच ते पहिलं वाक्य वापरतं. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की 'रूट कॉज'चा अहवाल लिहावा लागतो. नवीन आलेला मुलगा लिहितो, 'सर्व्हर डाऊन झाला.' टीम लीड अहवाल परत पाठवतो: कोणता बदल कधी टाकला, टेस्टिंग कुणी केलं, अलर्ट किती वाजता आला, तो कुणी बघितला? एका शॉपिंग साइटचं चेकआउट पान तासभर बंद राहिलं तरी एवढं विचारतात. ११८ माणसांच्या बाबतीत रशियाचा अध्यक्ष 'डाऊन झाला' लिहून मोकळा झाला.

हे बोलणं त्यांनी पुढेही सोडलेलं नाही. ॲलेक्सी नवाल्नी यांचं नाव त्यांनी वर्षानुवर्षं टाळलं. 'तो माणूस', 'तो पेशंट' असं म्हणायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवाल्नी तुरुंगात मेले. महिन्याभराने, निवडणूक जिंकल्याच्या रात्री, पुतिन यांनी ते नाव उच्चारलं आणि म्हणाले की हो, ते गेले, अशी घटना नेहमीच दुःखद असते. शोकसभेतल्या अध्यक्षीय भाषणासारखं. यात धमकी नाही, टोला नाही, यमराज नाहीत. यात कर्ताच नाही.

कुर्स्कच्या नवव्या कप्प्यात स्फोटानंतर काही तास तेवीस जण जिवंत होते. दिमित्री कोलेस्निकोव नावाच्या अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत एक चिठ्ठी लिहिली, ती ऑक्टोबरात त्याच्या देहाबरोबर सापडली. तिच्यात वेळ आहे, कोण कुठे जमलंय ते आहे, आणि तेवीस नावांची यादी आहे. मला हा 'रूट कॉज' अहवालाचा आदर्श नमुना वाटतो. कुर्स्कबद्दल कडक बोलणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या पुढच्या वर्षभरात त्यांच्या मालकांच्या हातातून गेल्या.

हे सगळं मी एकदा आमच्या ग्रुपवर टाकलं. फॉरवर्डच्याच थाटात: घोड्यावरचा फोटो, वर ठळक अक्षरांत 'ती बुडाली – व्लादिमीर पुतिन', खाली चार ओळींत संदर्भ. दहा मिनिटांत प्रश्न आला, 'हे खरं आहे का?' यमराजाच्या वेळी तो कुणालाच पडला नव्हता. मी मुलाखतीची लिंक दिली. 'एडिटेड वाटते,' असं उत्तर आलं.

कर्जतहून चौकमार्गे पनवेलला जाताना इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. खालापूर तालुका, ठाकरांची वाडी, वर जायला रस्ता नाही. २७ मृतदेह निघाले, ५७ जण बेपत्ता राहिले, चौथ्या दिवसानंतर शोध थांबला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे मथळा एकच: दरड कोसळली. ते खरंच आहे, दरड कुणी पाडत नाही. पण वाडी तिथे का होती, तिला खाली जागा का मिळाली नव्हती, रस्ता का नव्हता, ही सगळी क्रियापदं कर्त्यासकट लिहिता येतात. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं, तिथे विषय निघाला, आणि सरकारला सांगावं लागलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पावसात पायी वर गेले. फोटोसाठी गेले असं म्हणणारे होते, आणि ते तसं उघड म्हणू शकले. सरकारचं उत्तर अपुरं होतं. पण ते 'ती बुडाली'पेक्षा लांब होतं, त्यात एक यादी होती, आणि यादी असली की तिच्यात काय नाही हे विचारता येतं.

त्या आठवड्यात खोपोलीच्या ग्रुपवर पुन्हा पुतिन आले. काळा चष्मा, वर 'देशाला असा एक नेता हवा'. खाली एका दूरच्या भावाने लिहिलं, पुतिन असता तर चोवीस तासांत सगळे अधिकारी आत गेले असते. मामा सहसा ग्रुपवर काही लिहीत नाहीत. ते दोन दिवस खालून नानिवलीपर्यंत पाणी आणि बिस्किटांचे पुडे पोचवत होते, बुटांतला चिखल अजून वाळला नव्हता. त्यांनी व्हॉइस नोट टाकली: 'अरे पुतिन राहू दे बाजूला. आपल्या तालुक्याच्या यादीत अजून कुठल्या वाड्या नाहीत, ते कुणाला विचारायचं, तेवढं सांग.'

तीन अंगठे आले. मग कुणीतरी शुभ सकाळचा फोटो टाकला.